हासब्युलचा नाव नसलेला आवाज

कोणत्याही वस्तूने आवाज करण्याआधी तिला मंजूर नाव असावं, हे प्रगत समाजाचं पहिलं लक्षण होय. कुत्र्यांना हे कधी उमगलं नाही, म्हणून ती मागे राहिली. हासब्युलला मात्र उमगलं. जर्मनी आणि डेन्मार्कच्या सीमेवरच्या या गावात तीनशे बारा माणसं, तीन भाषा आणि एक मनोरा. मनोऱ्यावर वाजणारी एक वस्तू आणि वेळ दाखवणारी एक.

जर्मनवाले वाजणारीला ‘ग्लोके’ म्हणतात, दाखवणारीला ‘ऊर’. डॅनिशवाले वाजणारीला ‘क्लोके’ म्हणतात, आणि वेळ विचारतानाही तिचंच नाव घेतात. शेतातली जुनी माणसं त्यांच्या तिसऱ्या भाषेत दोन्हींना ‘क्लॉक’ म्हणून मोकळी होतात. (ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या वेळेवर जेवली, पण शास्त्रशुद्ध जेवली असं म्हणता येणार नाही.) तेव्हा मनोऱ्याखाली तिन्ही भाषांत पाटी लावायचं ठरलं. पाटीसाठी समिती नेमली, आणि नावं ठरेपर्यंत दोन्ही वस्तूंना कोणी हात लावू नये, असा ठराव झाला.

अकरा वर्षांत समितीच्या एक्केचाळीस बैठका झाल्या. पैकी अडतीस ठरल्या वेळेआधीच सुरू झाल्या, कारण आमच्याकडे वेळेवर येणाऱ्याला उशिरा आला म्हणतात. एक उपसमिती तर प्रत्यक्ष मनोऱ्यावर जाऊन आली. वर वारा फार आहे, असा तिचा एकमुखी निष्कर्ष होता.

या काळात घंटा वाजवणारा मोम्मे पेटरसन घंटेच्या बिजागऱ्यांना तेल घालत राहिला. तेलाबद्दल ठराव गप्प होता. रविवारी तो चौऱ्याण्णव वर्षांच्या केइकेकाकूकडे चहाला जाई.

“झाला का रे तुमच्या त्या शहाण्यांचा निर्णय?” काकू विचारायची.

“पुढच्या बैठकीत होईल म्हणतात, काकू.”

“मग थांबते तोवर. चहात दारू घाल जरा, हात आखडू नकोस. आणि ऐक, घंटा वाजवल्याशिवाय मला खड्ड्यात घातलंस तर बघ! तुझ्या बापानं माझ्या नवऱ्यासाठी वाजवली होती, आणि तो काही फार चांगला नव्हता.”

“वाजवीन काकू. शब्द देतो.”

बेचाळिसाव्या बैठकीला चार दिवस असताना काकू गेली. मोम्मेनं रीतसर अर्ज केला. समितीच्या अध्यक्ष डॉक्टर गेझिने थोर्डसेन यांनी त्याच दिवशी उत्तर पाठवलं (तत्परतेची नोंद घ्यावी). तिन्ही भाषांत शोक व्यक्त करून त्यांनी कळवलं की, जे वाजवायची परवानगी मागितली आहे त्याचं नाव अद्याप मंजूर नाही.

अंत्यविधीला अकरा वाजता मोम्मे मनोऱ्यावर चढला आणि त्यानं वाजवली. नऊ मिनिटं वाजवली, रडत रडत वाजवली. खाली पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी डोळे पुसले, आणि सव्वीस जणांनी जुन्या सवयीनं मनगटावरची वेळ लावून घेतली. तो खाली उतरला तेव्हा बेकरीवाल्या लोरेन्सनं त्याला मिठीच मारली.

“काय वाजवलंस रे, मोम्मे! काळीज हललं माझं.”

आठवड्याभरात चौकशी लागली. माणशी एक फॉर्म आला: ‘आवाज ऐकला’ किंवा ‘ऐकला नाही’. ऐकला असल्यास कशाचा, ते मंजूर शब्दात लिहावं. फॉर्म वाटायचं काम नियमानुसार मोम्मेकडेच होतं. तो निर्धास्त होता. अख्खं गाव तर तिथे उभं होतं!

मोम्मेचा सोडून तीनशे दहा फॉर्म मुदतीआधी परत आले. (तान्ह्यांचे त्यांच्या आयांनी भरले.) तीनशे दहाही ‘ऐकला नाही’. लोरेन्सनं शेऱ्यात ‘त्या दिवशी वारा होता’ असंही जोडलं. माणूस मुळात प्रामाणिक. गावात कोणालाच न ऐकू आलेला आवाज एकट्या मोम्मेला आला, हे प्रकृतीच्या दृष्टीनं बरं नव्हे, असं ठरवून समितीनं सहानुभूतीपूर्वक त्याच्याकडून मनोऱ्याची किल्ली काढून घेतली.

वाचकहो, आम्हाला नावं ठेवताय, दिसतंय ते. अवश्य ठेवा. नऊ मिनिटांची हकीकत तर आता तुम्हीही ऐकली. एक कोरा फॉर्म उरला आहे, तुमच्या पत्त्यावर पाठवतो. खरं तेच लिहा. फक्त खाली पूर्ण नाव, घर नंबर आणि सही हवी. घाई नाही. आम्हीसुद्धा आधी ‘ऐकला’वरच पेन टेकवलं होतं.