पातं वळंल का?

बाळाराम कोणाच्याही घरी गेला तरी उंबरठा ओलांडण्यापूर्वी कमरेची सुंभाची दोरी सोडून दाराची रुंदी मोजीत असे. मग खिन्नपणे मान हलवून म्हणे, "नाय. हितनं पातं वळायचं नाय."

पाते म्हणजे पवनचक्कीचे. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी आहे. तिच्या माथ्यावर पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव घेऊन एका कंपनीची माणसे आली होती. पाते अखंडच वर न्यावे लागते. त्यासाठी तुमच्या पाऊलवाटेचा रुंद रस्ता करू, असे ती सांगून गेली. त्या दिवसापासून बाळारामाला अन्य विषय उरला नाही. वाटेची सारी वळणे त्याने मोजून काढली. एका लग्नात तर वऱ्हाड दाराशी खोळंबले असता हा मांडवाच्या खांबांना दोरी लावून विचारतो, "पातं वळंल का?"

"मेल्या, नवरी वळली म्हंजे झालं!" चंद्राकाकू कडाडल्या.

देवीच्या गाभाऱ्याचे द्वारही त्याने सोडले नाही. मी पूजेत होतो, म्हणून मौन राखले.

वाडी मात्र विरोधात होती. माथ्यावर देवीची राई आहे, गुरांचे चराऊ रान आहे. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनीही सभेत नकारच दिला. बाळाराम एकटा उभा राहिला.

"येऊ दे रं. रस्ता व्हईल."

"कंपनीचा जावई झालास काय रे?" कोणीतरी टोमणा मारला. तो खाली बसला.

अखेर प्रथेप्रमाणे देवीला कौल लावण्याचे ठरले. पूजेचा मान माझ्याकडे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून मी गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दाराशी बसलेल्या बाळारामाने प्रथमच दोरी खाली ठेवून हात जोडले होते. उघड्या दारातून झुळूक आली आणि डावी पाकळी गळाली.

"गुरुजी, ती वाऱ्यानं पाडली! दार लावा, फिरून कौल लावा!"

सारे हसले. झुळूक माझ्याही पाठीला लागली होती. परंतु राई वाचावी ही माझीच इच्छा होती. तिला मी देवीची इच्छा म्हटले. कंपनी दुसऱ्या डोंगराकडे वळली.

यंदा भाद्रपदात मला ज्वराने घेरले. पोलादपूरच्या दवाखान्यात नेण्यासाठी चौघांनी बांबूला घोंगडी बांधून मला डोलीत घातले. गाठी बाळारामाने आपल्या दोरीने आवळल्या आणि तो पुढे निघाला. त्याचा स्वर ऐकू येत होता, "ह्या वळणाला नऊ हात. ह्याला सात. जपून रं."

खडकाजवळच्या वळणावर तो थांबला.

"डोली खाली ठेवा. हितं बांबू वळत नाय."

"वळंल की, दादा. जरा तिरका घेऊ," मागचा गडी म्हणाला.

"नाय वळत. मी आन् भावानं लय येळ तिरका केला."

त्याची पत्नी दवाखान्यात नेताना वाटेवरच वारली, हे वाडीत सर्वांस ठाऊक होते. वाटेवर कोठे, हे आम्हांपैकी कोणी कधी विचारले नव्हते.

बाळारामाने डोलीच्या गाठी सोडल्या आणि मला दोन्ही हातांवर उचलून घेतले.

"तुला भार होतो, बाळाराम," मी म्हटले.

"नाय गुरुजी," वळण ओलांडताना तो म्हणाला, "ती पण अशीच हलकी व्हती."