बुरशीची साक्ष

वामनराव खांबेट्यांच्या उजव्या फुप्फुसात राहणाऱ्या बुरशीने सोमवारी आपल्या घराला चुना मारायला घेतला. वाचनालयाच्या माळ्यावरची कबुतरांची घाण झाडताना ती त्यांच्या नाकावाटे आत शिरली होती आणि चार महिन्यांत तिने तिथे चांगलं बस्तान बसवलं होतं.

गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट आला. "कॅल्शियम फार वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सोप्या भाषेत, चुना."

कुमुदताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनीच मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वी वामनरावांनी बायकोची शपथ घेऊन तंबाखू सोडली होती.

"डबी कुठंय?" घरी येताच कुमुदताईंनी विचारलं.

"अगं, डबी नाही. बुरशी आहे. तूच विचार तिला."

वामनरावांनी आ केला.

"चुना मी मागवते," आतून उत्तर आलं. "उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाची, म्हणजे सूर्याच्या नावाने, खोटी चिठ्ठी पाठवली, की हाडं मुकाट्याने चुना सोडतात. यांचा काही संबंध नाही."

आवाज बायकी होता. तिथे प्रकरण चिघळलं.

"किती दिवस आहे ही?"

"चार महिने."

"आणि मला आज सांगताय!"

डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीवरच्या गोळ्या तशाच पडून राहिल्या. गोळी घेतली की बुरशी मरणार, आणि ती मेली की वामनरावांच्या बाजूने बोलणारं कोणी उरणार नव्हतं. तहान भागेना. रविवारी ते स्वतःचं आडनाव विसरले. मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. माणसाने इतकं हट्टी असू नये, पण मला कोणी विचारलं नाही.

शेवटी कुमुदताईंनी त्यांच्या छातीला कान लावला. आत कुंचला फिरत होता.

"खरं सांग. तंबाखू खाल्ली यांनी?"

"नाही."

"तू यांचीच बाजू घेणार. राहतेस कुठे!"

"चुन्याचा दुसरा हात मारून होऊ दे, मग बोलू," बुरशी म्हणाली.

कुमुदताई उठल्या आणि गोळी, पाणी घेऊन आल्या.

"पटलं तुला?" वामनरावांनी आशेने विचारलं.

"अजिबात नाही. तोंड उघडा."

"मग गोळी कशाला?"

"संशय घ्यायला तरी माणूस नको का घरात?" त्या म्हणाल्या.

वामनरावांनी गोळी गिळली. आतला कुंचला थांबला. कुमुदताईंनी डोळे पुसले आणि पुढे वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला.