खुर्चीवाला शेवट

सत्यभामाबाईंनी ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून सिनेमाच्या रिळाचा डबा पार तळाशी दाबला आणि वरून ज्वारी सारखी केली.

"झालं. आता ब्रह्मदेव आला तरी सापडत नाही," त्या म्हणाल्या.

"ब्रह्मदेव आला तर मी त्याले चहा पाजीन," शालिग्राम घाम पुसत म्हणाला. "इथं करमणूक खात्याचा साहेब येऊन राह्यला!"

शालिग्रामचं टॉकीज म्हणजे मोताळ्यातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं टिनाचं गोदाम. मशीन तोच चालवी, तिकिटं त्याची बायको सत्यभामाबाई फाडत. परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती आणि साहेबाच्या शेऱ्याशिवाय नवा परवाना मिळणार नव्हता. साल होतं शहात्तर. आणीबाणीच्या त्या दिवसांत माणसं शिंकण्याआधीसुद्धा मागे वळून पाहत. अशा दिवसांत परवाना गेला तर गेलाच, पण त्यापाठोपाठ आपणही आत जाऊ की काय, या धास्तीनं शालिग्रामला तीन दिवस भाकर गोड लागत नव्हती.

सगळा घोळ 'मुहरनगर' नावाच्या हिंदी सिनेमानं घातला होता. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं एक शहर. तिथे रोज सकाळी कपाळावर सरकारी मुहर, म्हणजे शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याशिवाय लग्न नाही, शिंक नाही आणि मरणही नाही. वरती एक 'बडे साहब'. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, नुसता भोंग्यातून आवाज येतो, "पहले मुहर, फिर मरो!" शहरांत हा सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरला. मोताळ्यात मात्र सातवा आठवडा चालू होता. लोक तीन-तीनदा येत. बाजारात वांगी घेतानासुद्धा एखादा ओरडे, "पहले मुहर!" आणि अख्खी ओळ जबाब देई, "फिर मरो!"

या सिनेमाला शेवट दोन होते. एकात नायक जागा होतो, सगळं स्वप्न निघतं आणि बागेत नायिकेबरोबर गाणं होतं. सेन्सॉरची मंजुरी होती ती एवढ्यालाच. दुसऱ्यात हाच नायक, जो शिक्के मारणारा सरकारी कारकून असतो, बडे साहबांच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि नायिकेच्या कपाळावर 'नामंजूर' असा शिक्का मारतो. सिनेमे पाठवणाऱ्या कंपनीतल्या कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे हे मंजुरी नसलेलं रीळही त्याच पेटीतून आलं होतं.

शालिग्रामनं त्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं याचा कधी विचार केला नाही. त्यानं पाहिलं ते एसटीचं वेळापत्रक. बागेचा शेवट अठरा मिनिटांचा, खुर्चीचा पाच मिनिटांचा. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला रोहिणखेडची माणसं येत आणि त्यांची बस चारला. म्हणून दुपारी खुर्ची आणि संध्याकाळी मोताळेकरांना बाग. सात आठवडे सगळं सुरळीत चाललं.

मग रोहिणखेडचे इंद्रभान आणि मोताळ्याचे माणिकराव, हे दोघे व्याही, एका बारशाला शेजारी जेवायला बसले.

"काय इवाई, शेवटी त्या पोरीचं लई वाईट झालं," इंद्रभान म्हणाले.

"वाईट? गाणं म्हणते ते बागेत!"

"कोणती बाग? तो खुर्चीत बसते अन् तिले शिक्का मारते!"

"तुमी झोपले असान."

व्याह्यानं व्याह्याला चारचौघांत खोटं पाडलं. जिलबी तशीच राहिली. चौकशी करता कळलं, की रोहिणखेडच्या झाडून सगळ्यांनी खुर्ची पाहिली होती आणि मोताळ्याच्या सगळ्यांनी बाग. इंद्रभानांनी तिथल्या तिथे अर्ज लिहवून घेतला: 'आम्हां रोहिणखेडकरांस सारखेच तिकीट असून बाग दाखवली जात नाही.' खाली बेचाळीस सह्या आणि अकरा अंगठे. अर्ज वर गेला आणि तिथून साहेब खाली आले.

लक्ष्मीकांतराव साहेब किडकिडीत, इस्त्रीच्या कपड्यातले. हातात कातडी बॅग, बॅगेत शिक्का आणि शाईची डबी.

"शेवट किती आहेत?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"एकच, साहेब. बागेतला," शालिग्राम म्हणाला.

"पाहू. मला चारच्या बसनं जायचं आहे."

बागेला वेळ पुरावा म्हणून खेळ रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी, साडेबारालाच सुरू झाला. साहेब पहिल्या रांगेतल्या लाकडी खुर्चीवर, मागे सगळं रोहिणखेड आणि बाजूला पुरावा म्हणून आलेले माणिकराव. सव्वादोनला वीज गेली. शालिग्रामनं सगळ्या देवांना नवस बोलून टाकले, तेव्हा कुठे ती पंचवीस मिनिटांनी आली. बागेचं रीळ लागलं, तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती.

पडद्यावर फुलं आली. कारंज्यामागच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात अकरा वाजले होते. नायक झाडाला टेकून गाऊ लागला आणि माणिकरावांनी व्याह्याकडे पाहून मिशीवर ताव दिला. सहा मिनिटं झाली, पण गाण्याचं पहिलं कडवंही संपेना. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे शालिग्राम, बस जाईन ना! खुर्चीवालं लाव!"

"हाव, खुर्चीवालं लाव! ते लवकर सरते!"

साहेब उठून मशीनपाशी आले. "हे खुर्चीवालं काय आहे?"

"तसं काई नाही साहेब. लोकं काईबी बोलतेत."

"लवकर संपतं म्हणतायत ते. असेल तर लावा. माझी बस जाईल."

"नाही ना साहेब! ते रीळच नाही माह्याजवळ!"

शालिग्राम हेच चार-पाचदा घोळवून सांगत होता, तोवर मागचं दार उघडलं. साहेब रीळ मागतायत हे सत्यभामाबाईंनी ऐकलं होतं आणि सरकारी माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या धावत घरी जाऊन आल्या होत्या. डबा त्यांनी पदरानं पुसत साहेबांपुढे धरला. त्यातून मूठभर ज्वारी साहेबांच्या बुटांवर सांडली.

"अवो, हे घ्या. तळाशी गेलं होतं," त्या म्हणाल्या.

शालिग्रामनं डोळे मिटले. रीळ लावताना फिल्म दोनदा निसटली. पडद्यावर कारकून खुर्चीत बसला. नायिका पुढे आली. शिक्का पडला, धाड! अख्खं गोदाम गरजलं, "पहले मुहर!" आणि "फिर मरो!" म्हणताना माणिकरावही चुकून त्यात सामील झाले. साहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

चारला पाच कमी होते. साहेब बाहेर आले, कागदावर भराभर लिहिलं आणि शिक्का काढला. कागद टेकवायला जागा दिसेना.

"वाका जरा," ते म्हणाले.

शालिग्राम वाकला. पाठीवर कागद आला आणि शिक्का पडला. घोळक्यातून कुणीतरी हळूच "पहले मुहर" म्हणालं, पण पुढचं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कागद शालिग्रामच्या हातात देऊन साहेब बसमध्ये चढले, पाठोपाठ रोहिणखेड चढलं आणि बस धुरळा उडवत गेली.

"वाचा माणिकराव," शालिग्राम मटकन खाली बसत म्हणाला. "माह्याच्यानं होत नाही."

माणिकरावांनी चष्मा लावला. "'दोन्ही शेवट पाहिले. खुर्चीच्या शेवटात नायकास बढती मिळते व तो रुजू होताच प्रलंबित प्रकरण निकाली काढतो. शेवट गोड व बोधप्रद आहे. हाच दाखवावा.'"

"अन् बाग?"

"'बागेच्या शेवटात सरकारी नोकर सकाळी अकरा वाजता, ऐन कचेरीच्या वेळेत, रजेचा अर्ज न देता गाणे म्हणताना दिसतो. अत्यंत आक्षेपार्ह. हा भाग कोठेही दाखवल्यास परवाना रद्द समजावा. परवान्याची मुदत एक वर्ष वाढवली आहे.'"

माणिकरावांनी कागदाची घडी घातली आणि आता व्याह्याला काय तोंड दाखवायचं, या काळजीनं ते घराकडे निघाले. शालिग्राम आत गेला. बागेचं रीळ त्यानं डब्यात घातलं, झाकण नीट दाबलं आणि डबा सत्यभामाबाईंच्या हातात दिला.

"घे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "कोठीत ठेव. पार तळाशी."