जातोच आहेस तर

मालो व्रेलो गावच्या पाण्यात क्लोरीन टाकायचं काम ओब्राद एकोणतीस वर्षं करत होता. एवढ्या काळात पाण्यामुळे गावात कुणी दगावलं नाही. वरिष्ठ कार्यालयाच्या मते हा निव्वळ योगायोग होता. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं, की बेलग्रेडच्या एकदिवसीय प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ज्याच्यापाशी नसेल, त्याला एक नोव्हेंबरपासून क्लोरीनच्या पिंपाला हात लावता येणार नाही. प्रशिक्षण ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी. ते हुकलं तर पुढचं एप्रिलमध्ये. प्रमाणपत्र नसलेल्या कर्मचाऱ्याचा 'अन्यत्र विचार करावा', असंही पत्रात होतं. शाळेतल्या घंटेवाल्याचा असाच अन्यत्र विचार झाला होता. तो अजून घरीच आहे. ओब्रादला निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

बेलग्रेड आमच्यापासून दोनशे तीस किलोमीटर. ओब्रादने तरुणपणी सक्तीची लष्करी नोकरी तिथेच केलेली. उद्या जा म्हटलं असतं तर तो पायातल्या सपातांवर जाऊन आला असता. पण हा सरकारी प्रवास होता, आणि सरकारी प्रवास करायचा नसतो, त्याचं आधी नियोजन करायचं असतं. नगरपालिकेत हे काम देसांकाबाईंकडे. शिक्काही त्यांच्याकडेच. तो त्या पर्समध्ये ठेवतात आणि उमटवण्याआधी त्यावर तोंडाने वाफ सोडतात.

"कशाने जाणार?" त्यांनी प्रवास-आदेशाचा छापील कागद पुढे ओढत विचारलं.

"बसने."

"बस जूनमध्ये बंद झाली, ओब्रादभाऊ. कुठल्या जगात असता?"

बस बंद होण्याचं कारण प्रवासी नाहीत, हे होतं, आणि ते खरंही होतं. आमच्या गावातून बसने माणसं जात नसत, पिशव्या जात. आया पिशवी चालकाच्या हातात द्यायच्या आणि बेलग्रेडला शिकायला गेलेली पोरं ती तिथल्या स्थानकात उतरवून घ्यायची. ती बस अकरा वर्षं गच्च भरून धावली, आणि तिकीट म्हणाल तर महिन्याला चार.

"मग शेजारच्या गावाहून पकडतो."

"तिथपर्यंत कशाने?"

"चालत."

देसांकाबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मागेही पाहिला. "चालत असा रकानाच नाही."

शेवटी 'कार्यालयीन वाहन' या रकान्यात फुली पडली. नगरपालिकेची पांढरी गाडी, चालक ग्वोझ्देन, एक प्रवासी, प्रस्थान गुरुवारी सकाळी सहा. प्रशिक्षण संपल्यावर आयोजकांनी आदेशावर शिक्का मारायचा आणि तो कागद परत आणायचा. कागद परत आला नाही तर प्रवास झालाच नाही, असं समजण्यात येईल. आदेशात बदल हवा असल्यास पंधरा दिवस आधी अर्ज. देसांकाबाईंनी शिक्क्यावर वाफ सोडली, ठप्प केलं, आणि कागद ओब्रादच्या हाती देता देता आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ, जातोच आहात तर... माझ्या धाकट्यासाठी एक बरणी न्याल? वाळला हो पोरगा तिकडे."

इथे ऑक्टोबरची गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबरात आमच्याकडे प्रत्येक अंगणात लाल ढबू मिरच्या भाजतात, सोलतात आणि चार तास ढवळून त्यांची चटणी, म्हणजे आय्वार, करतात. ज्या अंगणातून धूर निघत नाही त्या घरी काय झालं म्हणून लोक विचारायला जातात. बरण्या भरल्या की पहिली बरणी बेलग्रेडच्या पोरासाठी. आणि यंदा बस नव्हती.

नगराध्यक्ष तिहोमिर यांनी ओब्रादला खास दालनात बोलावलं. या प्रवासावर संपूर्ण गावाचं आरोग्य अवलंबून असल्याचं त्यांनी उभं राहून सांगितलं. मग बसून म्हणाले, "जातोच आहेस तर, ओब्राद, आमच्या लेकीला एक बरणी. आणि थोडं खारवलेलं डुक्कर. म्हणजे मांडीच. अख्खी." त्यांची लेक दातांची डॉक्टर होतेय. सात वर्षं झाली, होतेच आहे.

आमच्याकडे कुणाची पिशवी न्यायला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घरच्या मयताला न जाणं. ओब्राद कुणालाच नाही म्हणाला नाही. मीही दिली. खोटं कशाला बोलू? एकच बरणी, माझ्या लेकीसाठी. एक बरणी म्हणजे काय हो, मांडीवर बसते.

गुरुवारी सकाळी सहाला नगरपालिकेपुढे जत्रा होती. ग्वोझ्देनने डिकी आदल्या दिवशीच भरली होती. मागची सीट पहाटे भरली. बरण्या, दारूच्या बाटल्या, साईच्या लोण्याचे डबे, आंबवलेल्या कोबीचं एक लहान पिंप. पुढच्या सीटवर नगराध्यक्षांची मांडी होती. तिला पट्टा लावला होता, कारण पट्टा नसला की गाडी टूं टूं करते.

ओब्राद इस्त्रीचा शर्ट घालून आला. बायकोने खिशात रुमाल घडी करून ठेवला होता. त्याने गाडीत डोकावून पाहिलं.

"मी कुठे बसू?"

सगळे गंभीर झाले. प्रश्न रास्त होता.

"मांडी काढा," कुणीतरी मागून म्हणालं. मागे वळून पाहिलं तर कुणीच म्हणालं नव्हतं.

"कोबीचं पिंप काढू," ग्वोझ्देन म्हणाला.

"काढ की!" पिंपाची मालकीण पुढे आली. "काढ, आणि तूच फोन करून माझ्या नातवाला सांग, बाबा रे, तुझ्या आजीचा कोबी आम्ही रस्त्यावर टाकला. सांगतोस?"

ग्वोझ्देनने पिंपावरचा हात काढून घेतला.

"साहेब," ओब्राद नगराध्यक्षांना म्हणाला, "प्रशिक्षण माझं आहे."

"अरे, ते कोण नाकारतंय? कागदावर तुझंच नाव आहे. पण असा विचार कर. या प्रत्येक पिशवीची तिकडे कुणीतरी वाट बघतंय. तुझी बेलग्रेडमध्ये कोण वाट बघतंय?"

"प्रशिक्षणवाले."

"ते तुला ओळखतात?"

"नाही."

"तू नाही गेलास तर रडतील?"

ओब्रादने प्रामाणिकपणे विचार केला. "रडायचे नाहीत."

"मग!"

सर्वांना ते पटलं. वाईट म्हणजे ओब्रादलाही पटलं. प्रवास-आदेश मात्र जायलाच हवा होता, शिक्क्याशिवाय देसांकाबाईंना तोंड दाखवायची सोय नव्हती. ओब्रादने तो स्वतःच्या खिशातून काढून ग्वोझ्देनच्या खिशात घातला. गाडी निघाली. माझी बरणी कुठे दिसते का, ते मी पाहत होतो. मागच्या काचेतून झाकण दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

बेलग्रेडला काय झालं ते ग्वोझ्देननेच सांगितलं. तो आधी शिक्का घ्यायला गेला. शिक्का प्रशिक्षण संपल्यावर मिळेल, म्हणाले. म्हणून तो मागच्या बाकावर बसला. खोली उबदार होती, लगेच डोळा लागला. दुपारच्या सुट्टीत त्याने पोरांना बोलावून सगळ्या पिशव्या वाटल्या. संध्याकाळी शिक्का मारणाऱ्या बाई निघायच्या घाईत होत्या, तर त्याने त्यांना एक बरणी दिली. (ती माझी होती. माझी लेक त्या दिवशी परीक्षेला बसली होती, ती घ्यायला येऊ शकली नाही.) बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आदेशावर दोन शिक्के मारले, ग्वोझ्देनचं ओळखपत्र मागून घेतलं आणि त्यावरचं नाव अगदी शुद्ध लिहून त्याला प्रमाणपत्रही दिलं.

एक नोव्हेंबरला ओब्राद जलकेंद्राच्या फाटकावर गेला, तर फाटकाच्या आत ग्वोझ्देन उभा होता.

"काका, माफ करा, तुम्हाला आत येता यायचं नाही. मी प्रमाणित आहे."

"बरं. आज किती टाकणार?"

"तेच विचारणार होतो."

ओब्रादने बाहेरून प्रमाण ओरडून सांगितलं. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी देसांकाबाईंनी नियमावलीतून दाखवून दिलं, की अप्रमाणित व्यक्तीने प्रमाणित व्यक्तीस मार्गदर्शन करणं हा आरोग्यास धोका आहे. तेव्हापासून ग्वोझ्देन अंदाजाने टाकतो. सोमवारी पाण्याला इस्पितळाचा वास येतो, गुरुवारी डबक्याचा. मधल्या वारी दोन्ही एकत्र करून प्यावं, असा लोकांनी मार्ग काढलाय.

ओब्रादचा अन्यत्र विचार करण्यात आला. चालकाची जागा रिकामी होती, ती त्याला दिली. त्याला गाडी येत नाही. तो रोज आठ तास पांढऱ्या गाडीत स्टिअरिंगमागे बसतो, पट्टा लावून. परवान्याशिवाय गाडी सुरू केली तर गुन्हा, गाडीतून उतरला तर गैरहजेरी. एप्रिलपर्यंत चालवायला शिकला नाही, तर पुन्हा अन्यत्र विचार होणार आहे.

डिसेंबरात निम्मं गाव पोट धरून बसलं, तेव्हा सभा झाली. दोष व्यवस्थेचा, यावर एकमत झालं. तिहोमिर म्हणाले, "माझी एक मांडी नि एक बरणी होती, त्याने काय गाडी भरते?" देसांकाबाईंची एकच बरणी होती. पिंपवाल्या आजींचं एकच पिंप, तेही लहान. प्रत्येक जण उठला आणि आपली एकच वस्तू सांगून बसला. त्या गाडीत नेमकं कुणाचं सामान जास्त होतं, याची चौकशी करायला समिती नेमली आहे.

मार्च संपता संपता ओब्राद माझ्या दारात आला. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, एप्रिलच्या प्रशिक्षणाला जातोय. या वेळी आदेश नको, गाडी नको. रजा टाकतो. शेजारच्या गावापर्यंत चालत, तिथून बस. फक्त तुम्हाला सांगतोय. कुणाला बोलू नका."

मला भरून आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "जा, ओब्राद. गावाला तूच तारणार. माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही." तो वळला, अंगण ओलांडून फाटकापाशी पोचला. तेव्हा मला आठवलं, माझ्या लेकीला यंदाचा आय्वार मिळालाच नव्हता.

"ओब्राद! जातोच आहेस तर..."

तो थांबला. मागे वळला नाही. नुसता हात मागे केला. मी बरणी त्याच्या हातात ठेवत होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अगोबाई, ओब्रादभाऊ कुठे निघाले?"

मान हलवू नका. तुमच्या गावच्या पाण्यात कोण काय टाकतो, आणि शिकायला तो माणूस शहरात गेला होता की त्याच्या जागेवर बसून तुमची बरणी, याची एकदा चौकशी करा. चौकशी पुरी होईपर्यंत पाणी उकळून प्या.