मागणीला सक्त मनाई

दाराला एक पाटी लावायची, एवढंच मी ठरवलं होतं. नगरपालिकेचा नियमच तसा निघाला होता: पाटी असलेल्या घराची बेल विक्रेत्याने वाजवली, तर त्याला दंड. (पाटी नसेल, तर त्याने परवाना दाखवावा आणि तुम्ही निमूटपणे झुरळं मारायचं औषध घ्यावं.)

दुकानात ‘विक्रेत्यांना मनाई’ अशी तयार पाटी मिळत होती. पण मी पडलो ऑफिसात मसुदे लिहिणारा माणूस. वर्गणीवाले काही विकत नाहीत, मतं मागणारेही नाहीत. सगळे एका शब्दात सापडायला हवेत. मी पेंटरकडून लिहून घेतलं: ‘मागणी घेऊन येणाऱ्यांस सक्त मनाई. बेल वाजवल्यास तक्रार केली जाईल.’

“जरा जास्तच होतंय,” बायको म्हणाली.

“याला कायद्याची भाषा म्हणतात,” मी म्हणालो.

त्याच रविवारी आमच्या मुलीला बघायला, म्हणजे नुसतं भेटायला, तिच्या मित्राचे आईवडील येणार होते. पोरांचं आपसात कधीच ठरलं होतं. पण मुलाचे वडील भलते मानी. सगळं रीतसर हवं. आम्ही वाट बघत बसलो. चहाचं पाणी उकळून आटलं. मग मुलीचा फोन वाजला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“बाबा, ते येऊन गेले.”

“बेल कुठे वाजली?”

“पाटी वाचून परत फिरले. आम्ही मागणी घालायलाच आलो होतो, म्हणतात.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी अनवाणीच जिना उतरलो, मुलगी माझ्या मागोमाग. दोघं कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर सापडले.

“साहेब, ती पाटी विकायला येणाऱ्यांसाठी आहे,” मी धापा टाकत म्हणालो.

“म्हणजे आम्ही मुलगा विकायला आलो होतो?”

“छे हो, त्याला कोण विकत घेणार?”

(हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.)

मुलाचे वडील लालबुंद झाले. समोरून बस येताना दिसली. तेवढ्यात मुलगी पुढे झाली. “काका, मनाई आमच्या दारात आहे, रस्त्यावर नाही. मीच तुमच्या मुलाला मागणी घालते. द्याल?”

मी हबकलो. तेही हबकले. मुलाची आई मात्र खुदकन हसली आणि नवऱ्याला म्हणाली, “बघताय काय? हो म्हणा.” त्यांनी मान हलवली. बस निघून गेली. मला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

“आमची एकच अट आहे,” मुलाची आई आमच्या मुलीचा हात धरून म्हणाली.

“बोला ना,” मी लगबगीने म्हणालो.

“लग्नपत्रिकेचा मजकूर तुम्ही सोडून कुणीही लिहावा.”