ठरावाशिवाय फोटो हलणार नाही

विश्रांतवाडीतल्या त्या फ्लॅटचं दार उघडलं आणि दीनानाथ एक पायरी मागे सरकले. समोर जो माणूस उभा होता तो आठ वर्षांपूर्वी वारला होता. निदान 'जोडीवार्ते'त तसं छापलं होतं, आणि छापणारे दीनानाथच होते.

'जोडीवार्ता' म्हणजे जुन्या सिनेमांतल्या विनोदी जोड्यांच्या चाहते मंडळाचं चार पानी वार्तापत्र. मंडळ कर्वेनगरचं, सभासद बत्तीस, सरासरी वय सांगण्यात अर्थ नाही. यांचं सगळ्यात लाडकं दैवत म्हणजे खोत-सबनीस ही जोडी. एक लठ्ठ, एक हडकुळा. पोस्टरवर कायम दोन नावं एकत्र छापलेली, त्यामुळे खोत कोण आणि सबनीस कोण हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं होतं. मंडळाने हडकुळ्याला खोत ठरवलं. आठ वर्षांपूर्वी पेपरात दोन ओळींची बातमी आली, खोत गेले. मंडळाने हडकुळ्याचा भला मोठा फोटो करून घेतला, चंदनाचा हार घातला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. मंडळाचे सचिव दीनानाथ तर त्या दिवशी ढसाढसा रडले होते. लहानपणापासून त्यांचा जीव होता तो हडकुळ्यावरच.

आज वर्धापनदिन. प्रमुख पाहुणे, जोडीतले हयात सबनीस. फोनवर त्यांनी लगेच होकार दिला होता. सबनीस म्हणजे लठ्ठ, या हिशेबाने दीनानाथांनी मोठी गाडी सांगितली होती आणि स्टेजवर बिनहातांची रुंद खुर्ची ठेवली होती.

"मी सबनीस," तो हडकुळा माणूस म्हणाला. "या, आत या. शर्ट बदलतो आणि निघू."

दीनानाथ आत गेलेच नाहीत. जिन्यात उभं राहून त्यांनी हॉलवर रांगोळी काढत बसलेल्या बायकोला फोन लावला.

"सरोजिनी, भिंतीवरचा खोतांचा फोटो आत्ताच्या आत्ता काढ."

"का? खोत परत मागायला आलेत?"

"अगं, ते खोत नाहीतच. ते सबनीस आहेत. आपण आठ वर्षं उलटं धरून बसलो. मी त्यांच्या दारात उभा आहे आणि ते शर्टाची बटणं लावतायत."

"म्हणजे दर गुरुवारी आपण जिवंत माणसाला उदबत्ती ओवाळतोय."

"तू काढतेस का?"

"काढते. पण श्यामसुंदर इथेच उभे आहेत."

"त्यांना कारण सांगू नकोस. ते माइकवरून सांगतील."

श्यामसुंदर मंडळाचे अध्यक्ष. उभी हयात सहकार खात्यात काढलेली, त्यामुळे ठरावाशिवाय हे गृहस्थ चहासुद्धा पीत नसत. पाच मिनिटांनी सरोजिनीबाईंचा फोन आला.

"ते म्हणतात फोटो सर्वसाधारण सभेच्या ठरावाने लागलाय, सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच निघेल. शिवाय चार स्क्रू आहेत. ते समई आणायला खाली गेले, तेवढ्यात मी फोटोवर चादर टाकलीय. निळी. आपल्या घरचीच आहे, इस्त्री केलेली."

"देव तुझं भलं करो," दीनानाथ म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं संगमवाडीच्या पुलापर्यंत टिकलं. गाडीत सबनीस खुशीत होते. वय अठ्ठ्याऐंशी, एकटेच राहणारे, मुलगा वाघोलीला, महिन्यातून एकदा डोकावणारा. मांडीवर कापडी पिशवी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"मी खरं तर कुठे जात नाही हो आता," ते म्हणाले. "पण तुम्ही खोतचा फोटो लावलाय असं कळलं. माझ्याकडे त्याचा एकही फोटो उरला नाही. पानशेतच्या पुरात काही गेले, बाकीचे घरं बदलताना. तो बघायलाच येतोय मी. सत्काराचं काय एवढं."

दीनानाथ मनात हिशेब करू लागले. म्हणजे फोटो दाखवला तर म्हातारा स्वतःला हार घातलेला बघणार, आणि नाही दाखवला तर ज्यासाठी आला तेच त्याला मिळणार नाही. या वयात माणसाला असला धक्का बसला आणि काही बरंवाईट झालं तर? त्यांनी ड्रायव्हरला गाडी सावकाश घ्यायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, सिग्नलला उभी आहे."

हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. "सबनीस कुठायत?" कुणीतरी कुजबुजलं. "आजारपणात वाळले असतील," पुढच्या रांगेतल्या कुसुमताई म्हणाल्या. त्या रुंद खुर्चीत सबनीस एका कोपऱ्यात बसले आणि शेजारी पिशवी ठेवूनही जागा उरली.

दीनानाथांनी ठरवलं होतं की सत्कार, चहा आणि परत गाडी, वीस मिनिटांत सगळं उरकायचं. पण श्यामसुंदर समई घेऊन वर आले होते आणि त्यांची नजर निळ्या चादरीवर गेली होती. चादर कडक इस्त्रीची, फोटोवर अगदी नीट सोडलेली. त्यांनी माइक हातात घेतला.

"कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं अनावरण ठेवल्याबद्दल सचिवांचं कौतुक करावं की त्यांना जाब विचारावा, हे नंतर बघू. तूर्त मी सबनीससाहेबांना विनंती करतो, आपल्या दिवंगत मित्राच्या प्रतिमेचं अनावरण आपण करावं."

"नको," दीनानाथ म्हणाले. ते टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. सबनीस केव्हाच उठले होते. त्यांनी चादरीचं टोक धरलं आणि ओढलं.

हार, उदबत्तीचं घर आणि खाली अक्षरं, 'कै. खोत'. सबनीस पुढे वाकून बघायला लागले. दीनानाथांनी एका हाताने खुर्चीची पाठ धरली होती.

"खोत कुठाय?" सबनीसांनी विचारलं.

"हे काय, हेच," श्यामसुंदर म्हणाले.

"हा मी आहे."

"आपण सबनीस ना?"

"हो."

"मग हे खोत. मंडळाच्या नोंदीत तसं स्पष्ट आहे."

दीनानाथांना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "चूक माझी आहे. आठ वर्षांपूर्वी मी तुम्हाला मारलं. खूप रडलो हो तुमच्यासाठी. आज दार उघडलंत तेव्हा भीती वाटली, पण खरं सांगतो, मनातून इतका आनंद झाला की मला त्याचीच लाज वाटतेय."

सबनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते हसले, तेच पडद्यावरचं, आधी खांदे हलवणारं हसू. "पन्नास वर्षं लोक मला खोत म्हणूनच हाक मारायचे. खोत वैतागायचा, मी ओ द्यायचो."

श्यामसुंदर मात्र अस्वस्थ होते. "चूक दुरुस्त झालीच पाहिजे. फोटो उतरवण्याचा आणि पाहुणे हयात असल्याचा, असे दोन ठराव घ्यावे लागतील. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस."

"काही घाई नाही," सबनीस म्हणाले. "पंधरा दिवस मीही कैलासवासी. खोतला तेवढीच सोबत. फक्त शेजारी त्याचाही एक लावा. एकट्याला त्याला कधी काही जमलं नाही."

सगळे हसले. दीनानाथांना हसू आलं नाही. ठराव होण्याआधी म्हातारा खरंच गेला तर, या विचाराने त्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी विश्रांतवाडीला फोन केला. "हयात आहे," पलीकडून उत्तर आलं. मग रोज सातला फोन, रोज तेच उत्तर, आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं शूटिंगच्या गप्पा. दहाव्या दिवशी फोन उचललाच गेला नाही. दीनानाथ घरच्याच कपड्यांत रिक्षात बसले आणि दोन मजले धापा टाकत चढले.

दार सबनीसांनीच उघडलं, डोक्याला टॉवेल. "अहो, आंघोळीला गेलो होतो."

दीनानाथ दारातल्याच स्टुलावर बसले. सबनीसांनी त्यांना पाणी दिलं आणि समोर उभे राहिले.

"रविवारी तुमचा ठराव होणार ना?"

"हो. सगळ्यांना नोटीस गेलीय."

"म्हणजे सोमवारपासून मी रीतसर हयात." सबनीसांनी टॉवेलची घडी घातली, परत मोडली. "मग तुमचा सकाळचा फोन बंद होणार."

दीनानाथ पाणी प्यायले. बत्तीस वर्षं त्यांनी मंडळाची एकही सभा चुकवली नव्हती की पुढे ढकलू दिली नव्हती.

"या रविवारी," ते म्हणाले, "कोरमपुरती माणसं काही जमत नाहीत बघा."