पडद्याच्या दुमडीतली चिल्लर

आपला पडदा वाऱ्याचं ऐकत नाही, आपलं ऐकतो, असं मास्तर छातीवर हात ठेवून सांगत. आणि ते खोटं नव्हतं. गावात शिंपी ढिगानं होते. पण ज्या खिडकीतला पडदा कवायतीला उभ्या केलेल्या पोरासारखा ताठ, तो मास्तरांच्या दुकानातला, हे रस्त्यानं जाणारा परका माणूसही ओळखी.

यामागे एक युक्ती होती. कापड टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला मास्तर म्हणत, "कापड ठेवा, आणि दुमडीत घालायला मूठभर चिल्लर ठेवा." गिऱ्हाईक खिसा झटकून त्यातली सगळ्यांत लहान, सगळ्यांत मळकी नाणी काढी. मास्तर मशीनवर उभ्या टिपा मारत, मग कापड आणि चिल्लर मागच्या खोलीत बायकोकडे जाई. ती खालच्या दुमडीत ठरावीक अंतरावर एकेक नाणं ठेवी आणि देवाचं नाव घेत हातानं टाके घाली. टाके असे, की शोधायला भिंग लागावं. नाण्यांच्या वजनानं पडदा जन्मभर सरळ लोंबे.

"माणसाचंही तसंच आहे बघा," मास्तर शिलाईबरोबर प्रवचन फुकट देत. "पदराला थोडं वजन असलं की माणूस भरकटत नाही. आणि गिऱ्हाइकाचा पैसा गिऱ्हाइकाच्याच घरी. त्याचा मळसुद्धा माझ्या बोटाला लागत नाही."

बायको जाऊन आता काही वर्षं झाली होती. जाताना तिनं एकच मागणं केलं होतं. "आपल्या खिडकीचा पडदा सांभाळा. कुणाला देऊ नका." दुकानाच्या मागच्या खोलीतला तो निळा पडदा मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, तिचे शब्द सांगत आणि डोळे पुसत. ऐकणारा पहिल्या वेळी स्वतःचेही पुसे. दुसऱ्या वेळी घड्याळ बघे.

तर असं सगळं सरळ लोंबत असताना एका सकाळी शेजारचे कॅशियर नेहमीप्रमाणे मास्तरांचा पेपर वाचायला आले. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस. दुसऱ्याचा पेपर हाच त्याचा नाश्ता.

"वाचलंत का, मास्तर? लहान नाणी बंद करायचा विचार चाललाय."

"का? त्यांनी काय घोडं मारलंय?"

"एक नाणं पाडायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो म्हणे. बरोबरच आहे. कुणी घेत नाही, कुणी मोजत नाही. नुसता भार."

"तुम्हाला पोसायलाही तुमच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "म्हणून वहिनींनी तुम्हाला बंद केलंय का?"

मागे पडदे मोजत असलेला मास्तरांचा मुलगा फिसकन हसला. कॅशियरांनी पेपर जरा वर धरला.

"अहो, भोकाचा पैसा आठवतो का?" मास्तरांना आता रंग चढला. "आई तो दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधायची आणि दुकानात पाठवायची. येताना हातात साखरेची पुडी, वर एक गोळी फुकट. आहे तुमच्या आजच्या नोटेत ती धमक?"

"भोक पाडून सरकारनं तेव्हाच सांगितलं होतं, की यात काही उरलेलं नाही."

हे मास्तरांना झोंबलं. झोंबल्यावर माणूस गप्प बसला तर गोष्टीच घडणार नाहीत. ते उठून दाराशी आले आणि समोरच्या केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "करा खुशाल बंद! अर्ध्या गावाच्या पडद्यांत तीच नाणी आहेत. भोकाच्या पैशापासूनची. माझ्या पडद्यात लहान नाण्यालाही जागा आहे."

"भोकाचीसुद्धा?" कॅशियरांनी पेपर खाली केला. "त्यांना हल्ली शौकीन लोक चांगली किंमत देतात म्हणे."

समोर वस्तरा थांबला.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "दवाखान्याचं काम ठरेपर्यंत जरा तोंड मिटून बसाल का?"

डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना उभा राहत होता आणि त्याच्या सगळ्या खिडक्यांना पडदे हवे होते. ते काम मिळालं तर दुकान तरणार होतं. नाही तर मुलगा तयार पडद्यांच्या मोठ्या दुकानात नोकरीला जाणार होता. तिथला गणवेशही त्यानं अंगाला लावून पाहिला होता. मापात चुकलेला होता, तरी.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. हातात काडेपेटी. त्यांनी ती गल्ल्यावर उघडली. आत गोल, काळपट, मधे भोक असलेलं काहीतरी.

"काल पडदा उसवला," बाई म्हणाल्या. "हे निघालं. भोकाचा पैसा म्हणून सोनाराकडे घेऊन गेले. म्हटलं, वरची अक्षरं झिजलीत. तो म्हणाला, बाई, अक्षरं झिजलेली नाहीत, हा सायकलचा वायसर आहे."

"काहीतरी चुकलं असेल," मास्तर म्हणाले.

"एक असतं तर चूक. सगळेच वायसर आहेत."

पाठोपाठ किराणावाला आला, खांद्यावर पडदा टाकून, जखमी माणसाला आणावं तसा. त्याच्यामागे टपालवाला. मग एक सासू आणि एक सून, ज्या एरवी एका रस्त्यानं चालत नसत, त्या एकाच पडद्याची दोन टोकं धरून आल्या. दुकानात उसवलेल्या दुमडी आणि गल्ल्यावर वायसरांची रास. मास्तरांची नजर मात्र वायसरांवर नव्हती. दुमडींतून तुटून लोंबणाऱ्या बारीक पांढऱ्या धाग्यांवर होती.

"आमची चिल्लर कुठे गेली, मास्तर?" किराणावाल्यानं विचारलं.

"मी हात लावलेला नाही हो. कापडाबरोबर आत जायची, आणि आत—" इथे मास्तर थांबले.

शेजारचा सायकलवाला गर्दीतून डोकावत होता. सरळ माणूस, मदत करायला म्हणून पुढे झाला. "वायसर माझ्याकडचेच आहेत. वहिनी न्यायच्या की. त्याच्या बदल्यात सीटची कव्हरं शिवून द्यायच्या. मला वाटलं, मास्तरांनीच सांगितलंय."

काही मदती अशा असतात, की त्यापेक्षा शत्रू परवडला.

"बघा," सासू म्हणाली. "बायकोला पुढे करून हा बाहेर प्रवचनं झोडायचा."

"तिला काही बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कात्री हातात होती, त्यामुळे सगळे एक पाऊल मागे सरले. नेमक्या याच वेळी दारात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या, हातात दवाखान्याच्या कापडाचा नमुना घेऊन. त्यांना आधी कात्री दिसली, मग माणसं, मग जमिनीवर फाटक्या पडद्यांचा ढीग.

मुलानं कपाळाला हात लावला.

"बरं झालं आलात, बाई," मास्तर म्हणाले. "तुमच्यासमोरच निकाल लागू दे. घरचा पडदा तिनंच शिवलेला आहे, त्याच हातांनी. उसवून दाखवतो. त्यात वायसर निघाला तर मी चोर, दुकानाला आजच कुलूप. नाणं निघालं तर तिच्याबद्दल पुन्हा एक शब्द काढायचा नाही."

"बाबा," मुलानं त्यांचा दंड धरला. "आईचे टाके आहेत ते. सगळ्यांनी उसवले, आता तेवढेच राहिलेत."

"तिच्याच नावासाठी उसवतोय रे."

निळा पडदा खिडकीवरून उतरला. गल्ल्यावर पसरताना तो धपकन वाजला. इतकी वर्षं मास्तर त्याचा ताठपणा मिरवत होते. तो इतका जड का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दोन बोटांत दुमड धरून त्यांनी पहिला टाका कापला. मग दुसरा.

एक नाणं पडलं. खरं नाणं. मास्तरांनी ते उचलून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "आता बोला!"

कुणी बोलायच्या आत दुसरं पडलं. मग तिसरं, चौथं, आणि मग दुमड फाटल्यासारखी सुटली. दुमडीच्या आत आणखी एक दुमड होती, आणि तिच्या आत तिसरी. तांब्याची, पितळेची, भोकाची, बिनभोकाची, केव्हाच बंद झालेली आणि आता बंद होणारी नाणी गल्ल्यावरून जमिनीवर, जमिनीवरून मशीनखाली घरंगळत गेली. शेवटचं गोल फिरत फिरत डॉक्टरीणबाईंच्या चपलेपाशी जाऊन आडवं झालं.

दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणीला पडायला मोकळी जागा नव्हती.

"म्हणजे," कॅशियर अखेर म्हणाले, बँकेतल्या जुन्या आवाजात, "आमच्या पडद्यांत वायसर, आणि तुमच्या पडद्यात आमची नाणी."

मास्तरांना ती दिसली. मागच्या खोलीत, मान खाली घालून टाके घालणारी. थोडं बाजूला टाका हो, म्हणायची. आणि ते म्हणायचे, देणारा वर बसलाय. आणि हात पसरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दिवसाची कमाई ठेवायचे. नंतर ती म्हणायचीच बंद झाली. तिनं बाजूला टाकायची स्वतःची सोय केली. पडदा सांभाळा म्हणाली, तेव्हा ती हिशोबाचं बोलत होती, आणि हे इतकी वर्षं त्याच्यावर डोळे पुसत राहिले.

"घ्या," ते म्हणाले. "ज्याची त्यानं उचलून घ्या."

"ही घेऊन काय करू?" किराणावाला म्हणाला. "भोकाची दोन-चार असतील ती ठेवा सोनाराला दाखवायला. बाकीची मी स्वतः दुकानात घेत नाही. चालणारे पैसे द्या."

मुलानं गल्ला उघडला. ज्यानं मूठभर टाकली होती तो ओंजळभराचे मागत होता, आणि मुलगा देत होता. डॉक्टरीणबाईंनी वाकून पायाशी पडलेलं नाणं उचललं, गल्ल्यावर ठेवलं आणि कापडाचा नमुना पिशवीत परत घातला. "पडदा सुरेख होता, मास्तर," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

मुलगा महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोठ्या दुकानात जाऊ लागला. गणवेशाच्या बाह्या मास्तरांनी आखूड करून दिल्या. नाणी त्यांनी मशीनखालून, फळीच्या फटीतून गोळा केली आणि स्वतः बसून निळ्या पडद्यात परत शिवली. जन्मभर मशीनवर काम केलेल्या माणसाचे हाताचे टाके. बोटबोटभर लांब, वाटेल तिकडे गेलेले.

कॅशियर थोडे दिवस आले नाहीत. मग आले. पेपर काही स्वतःचा घेता येत नव्हता.

"मास्तर, नाणी बंद करायचा विचार पुढे ढकलला म्हणे. तूर्त राहू देणार आहेत."

मास्तर सुईत दोरा ओवत होते.

कॅशियरांनी पेपरावरून मागच्या खोलीकडे पाहिलं. "आणि तुमचा पडदा डावीकडे उतरलाय."

"वारा आहे," मास्तर म्हणाले.

खिडकी बंद होती.